गव्हाणीतले हुलगे

आमच्या घरात साखर बंद झाली ती एका दाढेपायी. दाढ माझी नव्हे आणि आत्यांचीही नव्हे, नणंदेच्या सासऱ्यांची. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात, मग ती आत्यासारखी वागो न वागो.

नणंदेचे सासरे जेवायला आले होते. मसुराची आमटी केली होती. इस्लामपूरच्या या बाजूला पाहुणा आला की मसूर शिजलाच पाहिजे. दुसऱ्या घासाला कडकन आवाज झाला आणि व्याहीबुवांचा हात गालावर गेला. त्यांनी खडा आणि दाढेचा तुकडा असं दोन्ही ताटाच्या कडेला काढून ठेवलं, आणि "असू द्या, हलतच होती ती," असं म्हणून हसायचा प्रयत्न केला. माणूस भला होता. पण आमच्या घराची मान खाली गेली ती गेलीच, कारण तो मसूर आत्यांनी निवडला होता.

आता आत्यांच्या निवडण्याबद्दल सांगायला हवं. आमच्या आळीत कुणाच्याही घरी तूर आली, हरभरा आला, की एक सूप भरून आधी आत्यांच्या पुढ्यात यायचं. दाराच्या पायरीवर त्या पाय पसरून बसायच्या, सूप मांडीवर घ्यायच्या आणि बोटं सुरू. तोंडानं आळीभरच्या गप्पा चालू, पण खडा सुटायचा नाही. आत्याच्या सुपातून गेलेलं धान्य डोळे मिटून शिजवावं, असं बायका म्हणायच्या. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईला गावात मान होता तो या एका गोष्टीचा. घर स्लॅबचं झालं, दारात ट्रॅक्टर आला, पायरीला फरशी बसली, पण सूप तेच राहिलं.

माझे मालक पलटणीतून निवृत्त झालेले. त्यांना सगळं हुकमानं करायची सवय. पाहुणे गेल्यावर ते म्हणाले, "आई, उद्यापासनं निवडायचं बंद. आता तुला दिसत न्हाई." दुसऱ्या दिवशी बाजारातून निवडलेल्या डाळींची पाकिटं आणली आणि सूप माळ्याखालच्या खिळ्याला अडकवलं. आत्या उठल्या. पायरीवर जाऊन तशाच बसल्या. हात रिकामे. बोटं मात्र लुगड्याच्या काठावर चालत होती, खडा शोधल्यासारखी.

मला त्यांची कीव आली. आणि खरं सांगते, आतून थोडं बरंही वाटलं. मी तशी तोंडाची फटकळ आहे, मनात एक आणि ओठात एक असं मला जमत नाही, म्हणून तेही सांगून टाकते.

मी दुष्काळी माण तालुक्यातली. दहिवडीच्या पलीकडचं आमचं गाव. पावसाचा भरवसा नाही, आला तर बाजरी, हुलगा, मटकी, नाही तर शेळ्यामेंढ्यांच्या मागं रानोमाळ. माझं लग्न ठरलं तेव्हा वडील चारचौघांत छाती काढून सांगायचे, "पोर पाण्याच्या गावात दिली." पाठवणीच्या वेळी आईकडे द्यायला दुसरं काही नव्हतं. तिनं पायलीभर हुलगे, म्हणजे कुळीथ, दिले. हुलग्याचं एक वाईट असतं. आमच्या मातीतला खडा आणि हुलगा रंगानं सारखाच, मापानंही सारखाच. आईनं चार दिवस उंबऱ्यात बसून ते निवडले. मूठ मूठ घ्यायची, उन्हात धरायची, एकेक दाणा बाजूला करायची. माझ्या लेकीच्या सासरी खडा जायला नको, एवढंच म्हणायची.

ते गाठोडं आत्यांनी सगळ्या बायकांसमोर सोडलं. बघितलं आणि हसल्या. "आगं बया, हे तर बैलाचं खाणं. आमच्यात माणसं खात न्हाईत हे." आणि उचलून गोठ्यात नेलं, गव्हाणीत ओतलं. बायका हसल्या. मी एकोणीस वर्षांची होते. बैलांनी चाटून पुसून खाल्लं ते मी खिडकीतून बघितलं. त्यानंतर चौतीस वर्षं या घरात मी हुलग्याचं नाव काढलं नाही. माहेरी गेले की पोटभर हुलग्याचं माडगं प्यायचे आणि परत यायचे.

तर आत्यांचे हात रिकामे झाले, पंधरा दिवस गेले, आणि एके दिवशी त्या मला म्हणाल्या, "मला डोळ्याच्या डाक्टरकडं न्हे." आम्ही सांगलीला गेलो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. डॉक्टर म्हणाले ऑपरेशन सोपं आहे, आणि रक्त तपासायला पाठवलं. तपासणीत साखर निघाली, आणि तीही बरीच. "आधी ही खाली आणा," डॉक्टर म्हणाले, "तोवर मी डोळ्याला हात लावणार नाही. जखम चिघळली तर आहे तेवढं दिसणंही जाईल."

आत्यांनी त्यांना एकच विचारलं. "मग मला खडा दिसंल का?"

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी सगळं समजावून सांगितलं. ते म्हणाले, "दिसेल, आजी. आधी साखर." एसटीत बसल्यावर आत्या खिडकीकडे तोंड करून म्हणाल्या, "माझं सूप पुसून ठेव. मला ते परत पायजे." त्यांना ना नातवंडाचं तोंड बघायचं होतं, ना देवदर्शन हवं होतं. त्यांना सूप पाहिजे होतं.

इस्लामपूरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, साखर बंद, घरचं साधं खा. आम्ही ऐकलं, आणि अगदी मनापासून पाळलं. साखरेचा डबा मी शेजारणीला देऊन टाकला. बिस्किटं बंद, खारी बंद, बाजारचं फरसाण बंद. आणि साखरेच्या जागी आणला गूळ.

हसू नका. ज्याच्या दारात ऊस उभा आहे, त्यालाच ही चूक कळेल. आम्हाला साखर म्हणजे कारखान्याची, दुसऱ्याची वस्तू. गूळ म्हणजे आपल्या रानातला ऊस, आपल्या डोळ्यांसमोर गुऱ्हाळात आटवलेला, कसली पावडर न घातलेला. तो कसा बाधेल? गूळ म्हणजे औषध, असं मालक म्हणाले, शेजारीण म्हणाली, अख्खी आळी म्हणाली. बारावी शिकलेली मी, मीही म्हणाले. मग काय विचारता! आत्यांचा चहा गुळाचा. सकाळी भाकरीवर काकवी, म्हणजे गूळ होण्याआधीचा पातळ रस, वाटी भरून. नाचणीचे लाडू केले ते गुळाचे, गव्हाची खीर गुळाची. नणंद तासगावला दिलेली, तिनं मनुक्यांचा डबा पाठवला, "आईची तब्येत सुधारंल" म्हणून. येणाऱ्याजाणाऱ्याला मी ऐटीत सांगत होते, आमच्यात आता बाहेरचं काही येत नाही, सगळं घरचं. आत्याही खूश. इतकं गोड त्यांनी आधीही कधी खाल्लं नव्हतं.

तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं. साखर आणखी चढलेली.

डॉक्टरांनी विचारलं, खायला काय देता? मी घडाघडा सांगितलं. काकवी सांगितली, लाडू सांगितले, मनुकेही सांगितले. शाबासकी मिळेल असं वाटत होतं मला. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"ताई," ते म्हणाले, "ऊस तोच ना?"

आयुष्यात मला शिव्या देणारी माणसं भेटली, पण इतकी लाज कुणी आणली नव्हती. आत्यांना हळूहळू कळलं. त्या म्हणाल्या, "मग माझं डोळं राहिलं म्हणायचं." रडल्या नाहीत, चिडल्या नाहीत. रडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. तीन महिने त्यांचे डोळे मी माझ्या हातानं लांब नेले होते, वर ऐट मिरवत.

त्या रात्री मला माझी आई आठवत राहिली. ऐंशीच्या घरातली बाई, चिपाडासारखी वाळलेली, पण अजून शेळ्यांमागं चालते. तिनं काही पथ्य म्हणून पाळलं नव्हतं. तिकडं गोड मिळतच नव्हतं, खाणार कुठून? पण सकाळी उठून मी डॉक्टरांना फोन केला आणि विचारलं, हुलगा चालतो का? बाजरी? मटकी? ताक? ते म्हणाले, चालेल की, मापात द्या, गोळ्या चुकवू नका आणि रोज चालवा त्यांना. मग मी भावाला फोन केला. चौथ्या दिवशी दहिवडीहून एसटीनं हुलग्याचं पोतं आलं. चौतीस वर्षांनी हुलगा त्याच उंबऱ्यातून आत आला, फक्त या वेळी गोठ्यात न जाता स्वयंपाकघरात गेला.

निवडायला मीच बसले. मला काही आत्यांची बोटं नाहीत. दोनदा निवडले, तिसऱ्यांदा पाखडले, थोडे भाजून दळून आणले आणि पिठलं केलं. लसूण, मिरची, वरून कोथिंबीर. हुलग्याचं पिठलं काळपट होतं. डोळे धड असते तर आत्यांनी रंगावरूनच ओळखलं असतं. त्यांनी अर्ध्या भाकरीबरोबर खाल्लं आणि म्हणाल्या, "आज पिठलं लय झ्याक झालंय. वाढ आणि थोडं."

मी गप्प बसायला हवं होतं. शहाण्या बाईनं वाढलं असतं आणि पोटातल्या पोटात हसली असती. पण उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

"आवं आत्या, बैलाचं खाणं हाय ते," मी म्हणाले.

त्यांचा हात थांबला. आणि मग माझं तोंड सुटलं. चौतीस वर्षांचं सगळं बाहेर आलं. माझ्या आईनं चार दिवस उन्हात डोळे घालून निवडले होते ते, तुमच्या घरात खडा येऊ नये म्हणून. तुम्ही ते बैलापुढं टाकलं, बायका हसवल्या. मालक घास हातात धरून माझ्याकडे बघत राहिले. एवढी फटकळ असूनही आजवर मी त्यांच्या आईला उलटून बोलले नव्हते.

आत्या म्हणाल्या, "मला काय म्हाईत, तुझ्या आईनं निवडल्यालं?" त्यांनी ताट सरकवलं आणि भिंत चाचपडत उठून गेल्या.

दोन दिवस त्या ताक आणि भाकरीवर राहिल्या. माझ्याशी बोलल्या नाहीत. मला बोलल्याचा पश्चात्ताप नव्हता, पण खाण्याच्या ताटावर बोलल्याचा होता. अन्नावर बसलेल्या माणसाला बोलू नये, हे मला आईनंच शिकवलं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी चुलीपुढं, म्हणजे गॅसपुढं, माडगं ढवळत होते. भाजलेल्या हुलग्याच्या पिठाची ती पेज असते, जिरं, लसूण आणि मीठ घातलेली. आत्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या.

"ते बैलाचं हाय का शिल्लक?"

मी वाटी भरून दिली. त्यांनी फुंकर घालत निम्मी संपवली आणि म्हणाल्या, "मीठ कमी पडलंय." मी म्हटलं, "बैलाला कुठं कळतंय मीठ?" त्या हसल्या नाहीत, पण वाटी संपवली. मग मीही हात जोडून म्हणाले, ताटावर बोलले ते चुकलं. "बास की आता," म्हणाल्या.

तिथून खरं पथ्य सुरू झालं. मी दोन स्वयंपाक करायला साफ नकार दिला. त्या खातील तेच सगळ्यांनी खायचं. बाजरीची नाही तर ज्वारीची भाकरी, तीही मोजकी. हुलग्याचे शेंगोळे, मोड आलेली मटकी, ताकातल्या कण्या. बांधावरची पाथरी, घोळ, हिवाळ्यात करडईची कोवळी भाजी. गूळ कडीकुलपात, आणि किल्ली माझ्या कमरेला. मालकांनी पहिल्या दिवशी बिनसाखरेचा चहा तोंडात घेतला आणि असं तोंड केलं, की मला वाटलं गोळी लागली. "पलटणीत याच्यापेक्षा वाईट प्यायलोय," असं म्हणत पुढं तेही सरावले. महिन्याभरात त्यांचा पट्टा एक भोक आत गेला, तेव्हा ते सगळं आपल्याच डोक्यातून निघालं होतं असं पारावर सांगायला लागले. सांगू देत.

सगळ्यात अवघड होता तो आळीतला चहा. आमच्या भागात चहा नको म्हणणं म्हणजे घर तोडणं, आणि बिनसाखरेचा मागणं म्हणजे यजमानाची कंजुषी काढणं. आत्या दिवसाला तीन घरं हिंडायच्या. मला धास्ती होती. पण त्यांनी स्वतःच प्रत्येकीला सांगून टाकलं, "चहा नगं गं. मला डोळं पायजेत." काही बायका रुसल्या. एकीनं मला दारात गाठून विचारलं, म्हातारीला उपाशी ठेवतेस का? मी तिला माडगं पाजून पाठवलं.

रोज संध्याकाळी मी आत्यांना कालव्यापर्यंत चालवत नेत होते. त्यांना दिसत नसल्यानं माझा हात धरावा लागायचा. लग्न झाल्यापासून आम्ही दोघी इतका वेळ एकत्र कधी चाललो नव्हतो. त्या माणबद्दल विचारायच्या. तिकडं पाणी किती लांबून आणावं लागायचं, शेळ्या किती, आई अजून काय काय करते. मी सांगायचे. मध्येच त्या पावलं हळू टाकायच्या, मला वाटायचं दमल्या असतील.

पुढच्या तपासणीला साखर उतरली, त्याच्या पुढच्या वेळी आणखी उतरली. सांगलीच्या डॉक्टरांनी दिवस दिला. आधी एक डोळा, महिन्यानं दुसरा. पट्टी काढल्यावर आत्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. म्हणाल्या, "लय काळी पडलीस गं." घरी आल्यावर स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातली जळमटं दाखवली, मग डब्यांवरचा तेलाचा चिकटा दाखवला. दोन दिवस मी ऐकून घेतलं, तिसऱ्या दिवशी म्हटलं, "डॉक्टरला सांगून पट्टी परत बांधून घेऊ का?" तेव्हा कुठं थांबल्या.

दुसरा डोळा बरा झाल्यावर मी सूप काढलं. ओल्या फडक्यानं पुसून त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि पोत्यातले हुलगे ओतले. मी निवडलेलेच होते ते. आत्या पायरीवर बसल्या. बोटं चालू झाली. आळीतल्या दोघीतिघी येऊन टेकल्या. थोड्या वेळानं आत्यांनी ताटली पुढं सरकवली. त्यात सात-आठ खडे होते, हुलग्याएवढेच, हुलग्याच्याच रंगाचे.

"सहा म्हैनं खडं चारलंस की मला," त्या म्हणाल्या. बायका हसल्या, मीही हसले.

बायका गेल्यावर मी आत निघाले, तर म्हणाल्या, "बस जरा." सुपातली नजर काढली नाही त्यांनी.

"पिठल्याच्या दिशी मी खोटं बोलले," त्या म्हणाल्या. "मला म्हाईत हुतं. गव्हाणीत वतायच्या आधी वंजळीत घिऊन बघितलं हुतं मी. हुलगं, आन् एक खडा न्हाई. तवाच कळलं, कुणीतरी डोळं फोडून निवडल्यात. तवा माझं डोळं चांगलं हुतं. पर समद्या बाया बघत हुत्या, तोंडातनं निघून गेलं हुतं. मग वतलं."

मला आधी राग आला. असा राग आला, की मी उठून उभी राहिले. "मग चौतीस वर्षं गप का बसलात?"

"कुठल्या तोंडानं सांगू?" त्या म्हणाल्या.

मला रडू आलं. मी पदरानं डोळे पुसत तिथंच उभी राहिले. त्या निवडत राहिल्या. तीन दिवस निवडत होत्या, कुणाला हात लावू दिला नाही. चौथ्या दिवशी पायलीभर हुलगे पांढऱ्या फडक्यात बांधून माझ्यापुढं ठेवले. "माणला जाऊन ये. आईला दे. म्हणावं, खडा गावला तर कळीव."

मी एसटीनं गेले. आई अंगणात शेळीला पाला घालत होती. गाठोडं तिच्यापुढं सोडलं आणि सांगितलं, आत्यांनी निवडलेत, तुझ्यासाठी. त्या काय म्हणाल्या होत्या, तेही सगळं सांगितलं. गव्हाणीची गोष्ट तिला कधीच माहीत नव्हती. तिला वाटत होतं, तिच्या हुलग्याचं माडगं आम्ही सगळ्यांनी प्यायलं. ती उठली. ओंजळभर हुलगे घेतले आणि चुलीकडे गेली. माझी आई परातीत पसरून, उन्हात धरून बघितल्याशिवाय दाणाही शिजवत नाही, विकतची निवडलेली डाळसुद्धा ती पुन्हा निवडते. मी परात पुढं केली.

"कशाला?" ती म्हणाली. "निवडल्यात न्हवं त्यांनी?"

आणि तिनं ते हुलगे तसेच भांड्यात टाकले आणि चूल पेटवली.